संघटनेत नाव घातलं तर काम सुटेल का?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी कॉन्ट्रॅक्टवरची नर्स विचारते, कधी डिलिव्हरी करणारा मुलगा, की मॅडम संघटनेत जावंसं वाटतंय पण नुसता विचार आला तरी पोटात गोळा येतो. सगळ्यांना पुरेल असं एक उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून एका मावशींचं सांगते. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय.

मावशी साधारण 48 च्या, पुण्यात चार घरची धुणीभांडी आणि केरफरशी करतात. दवाखान्यातून माझ्याकडे पाठवलं होतं कारण रात्री दोनला उठून बसायच्या, छातीत धडधड, आणि ईसीजी अगदी नॉर्मल. पहिल्या दिवशी फक्त झोपेचंच बोलल्या. दुसऱ्या वेळी कळलं की पावसाळ्यात ताप आला, पाच दिवस खाडा झाला, आणि एका घरी परत गेल्या तर दार उघडलंच नाही, मधल्या दिवसांचे पैसेही नाहीत, आत नवीन बाई भांडी घासत होती. गल्लीतली एक बाई त्यांना तेव्हापासून म्हणतेय की रविवारच्या मीटिंगला चल, आपली संघटना आहे. आणि धडधड सुरू झाली ती तिथून, काम गेलं तेव्हा नाही! हे मला आधी लक्षातच आलं नाही, मी आपली गेलेल्या कामाच्या दुःखावर बोलत बसले होते.

घरी नवरा नको म्हणत होता. मोर्चे काढत फिरणार का आता, पोरीचं लग्न व्हायचंय, वगैरे. गंमत म्हणजे हे गृहस्थ रिक्षा चालवतात आणि स्टँडवरच्या संघटनेचे जुने मेंबर आहेत, पावती खिशात असते.

मग माझी चूक सांगते. मी त्यांना धीर द्यायला गेले. म्हटलं मावशी, घाबरायचं काय त्यात, संघटना करणं हा घटनेनेच दिलेला हक्क आहे, कलम 19, आणि पुण्यातल्या मोलकरणींनी तर 1980 सालीच संप करून आपली संघटना उभी केली होती. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. आपण असं कोणाला इतिहास सांगितला ना की तिला वाटतं, बाकीच्या बायका शूर होत्या आणि मीच भित्री.

परत आल्या तेव्हा मी गप्प बसून कागद पुढे ओढला आणि म्हटलं, चार घरं सांगा, कुठून किती येतात, आणि कुठलं घर सुटेल असं वाटतं. एक गेलेलंच, त्याची भीती आता कशाला. दुसरीकडे आजी एकट्या, त्यांचं मावशींवाचून पान हलत नाही. तिसरीकडे दोघं आयटीवाले, त्यांना या कोण हेही धड माहीत नसावं. राहिलं एक घर, महिन्याचे 2200, आणि ती बाई सोसायटीच्या कमिटीत. म्हणजे अख्खी धडधड त्या एका दाराची होती.

"ती ग्रुपवर टाकेल माझं नाव," मावशी म्हणाल्या. "मग गेटवरच अडवतील. एकीने टाकलं की सगळ्यांना कळतं, त्यांचा ग्रुप आहे ना."

आणि थांबल्या. मीही काही बोलले नाही. मग स्वतःच म्हणाल्या, "त्यांचा आहे ग्रुप. आमचा नाही."

इथे मला कबूल करायला हवं की अशा एका ग्रुपवर मीसुद्धा आहे. आमच्याही सोसायटीत मध्ये मेसेज आला होता, भांड्यांचे अमुकच्या वर कोणी देऊ नका, रेट खराब होतात. खाली पंधरा-वीस अंगठे. मी अंगठा दिला नाही, पण काही लिहिलंही नाही. म्हणजे मालकिणींची संघटना बिनपावतीची, बिनबोर्डाची केव्हाच झालेली आहे आणि तिला कोणी संघटना म्हणत नाही.

खोटा दिलासा मात्र मी दिला नाही. सांगितलं की काम सुटू शकतं, आणि उद्या काढून टाकलं तर सहज दाद मागता येईल असा भक्कम कायदा घरकामगारांच्या पाठीशी नाहीये. घरकामगारांच्या हक्कांवरचा आंतरराष्ट्रीय करार 2011 चा, त्याला आपण अजून मान्यता दिलेली नाही. आहे ते एवढंच की महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, 18 ते 60 वयाच्या बाईची नोंदणी होते, आणि नोंदणी झालेल्यांना 55 पूर्ण झाल्यावर 10,000 रुपये सन्मानधनाची योजना आहे. शिवाय कामाच्या घरी कोणी अंगचटीला आलं तर 2013 च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, त्या कायद्यात घरकाम करणारी बाईसुद्धा येते, हे मावशींना पहिल्यांदाच कळत होतं. आकडे ऐकून मात्र त्या जरा सावरून बसल्या. भीतीला उपदेश कळत नाही, हिशेब कळतो असा माझा अनुभव आहे.

मग ठरलं की एक रविवार नुसतं जाऊन बसायचं. नाव नाही घालायचं, वर्गणी नाही, फोटो काढायला लागले की पाणी प्यायला उठायचं. मोर्चाचं नंतर बघू, आणि नाही बघितलं तरी चालेल, संघटनेत फॉर्म भरून देणाऱ्या बायकाही लागतातच की. नवऱ्याशी वाद घालू नका म्हटलं, फक्त विचारा की तुम्ही पावती का फाडता. (काय उत्तर दिलं ते मावशींनी मला सांगितलं नाही, पण हसल्या.)

पहिल्या मीटिंगला दाराजवळ बसल्या. दुसऱ्या वेळी एकीने पाच दिवसांच्या खाड्याचं सांगायला सुरुवात केली आणि मावशी म्हणतात मला वाटलं ही माझंच सांगतेय. झोप एकदम आली असं नाही, मधे दोन आठवडे परत बिघडली, कारण नोंदणीच्या फॉर्मला काम करत असल्याचा दाखला लागत होता आणि तो कुठल्या तरी घरून सही करून आणायचा होता. आजींकडे गेल्या. आजींनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, सही केली आणि म्हणाल्या, एवढी वर्षं का नाही आणलास गं हा. कमिटीवाल्या बाईंना अजून काही माहीत नाही, आणि ते सांगायचं की नाही हे मावशींनी ठरवायचं, मी नाही.

शेवटच्या भेटीत कार्ड दाखवायला आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. निघताना म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे येतात त्या ताईंचं काढलंय का?"

संध्याकाळी मी विचारलं तिला. सहा वर्षं येतेय आमच्याकडे. ओट्यावरचा हात न थांबवता म्हणाली, फॉर्म कधीचा घरी आहे ताई, पण तुमची सही मागायची म्हणजे, राहू दे म्हटलं.