फवारलेले औषध जाते कुठे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

“वारा नव्हता, तरी शेजारच्या पिकाला लागलं कसं?” हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. औषध, म्हणजे कीटकनाशक किंवा तणनाशक, शेतातून दोन वाटांनी निसटते: फवारताना थेंब उडतात आणि फवारून झाल्यावर त्याची वाफ होते. पहिली वाट डोळ्यांना दिसते. गोंधळ होतो तो दुसरीमुळे.

दुकानदार म्हणतात, फवारा धुक्यासारखा बारीक हवा. खरे आहे का? (मंचर)

नाही. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्याचे आठ थेंब होतात, पान जास्त झाकले जाते, इथवर खरे. पण ताशी ५ किलोमीटरच्या वाऱ्यात ३ मीटर उंचीवरून सुटलेला ४०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साधारण ३ मीटरवर पडतो. १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा, तेरा-एक मीटर जातो आणि २० मायक्रॉनचा ३०० मीटरच्याही पुढे. दाब गरजेपुरताच ठेवा आणि नोझल पिकापासून अर्ध्या मीटरच्या आत धरा. तणनाशकाला चपटा फवारा देणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावा, कीटकनाशकाचे शंकूसारखा फवारा देणारे कोन नोझल नको.

डाळिंबाच्या बागेशेजारी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. फवारणी कधी करावी? (इंदापूर)

फुलोऱ्यात नकोच. अगदीच टळत नसेल तर लेबलवरची मनाई वाचा, पेट्यांच्या मालकाला आदल्या दिवशी कळवा आणि पुण्यातल्या शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारूनच ठरवा.

शेजारच्या उसात आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी २,४-डी हे तणनाशक मारले. वारा अजिबात नव्हता. आता आमच्या द्राक्षाची कोवळी पाने पंख्यासारखी झालीत. दुकानातून सांगतात, अन्नद्रव्याची कमतरता आहे, टॉनिक मारा. (नारायणगाव)

टॉनिक मारू नका. निदान न करता बाटली हातात देणे हा धंदा झाला, सल्ला नव्हे.

आधी बाग बघा. २,४-डी लागले की देठाजवळची खाच पसरते, शिरा एकमेकींना चिकटून समांतर धावतात आणि कडेचे दाते अणकुचीदार होतात. जस्ताच्या कमतरतेतही खाच पसरते, त्यामुळे एका पानावरून निकाल देऊ नका. उसाच्या बाजूच्या ओळीत लक्षण जास्त आणि आत जाल तसे कमी असेल, तर संशय तणनाशकावरच घ्यावा.

वारा नव्हता, हे इथे नुकसानाचेच कारण असू शकते. सूर्य कलला की जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार होते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. मग बारीक थेंब वर जाऊन विरत नाहीत. गार हवेबरोबर उताराने सरकत राहतात. चुलीचा धूर वर न चढता आडवा पसरलेला दिसला की पंप खाली ठेवा. हिवाळ्यात हे चित्र सकाळी उन्हे तापेपर्यंत टिकते. वाऱ्याची हलकी, एकाच दिशेची झुळूक असावी आणि ती नाजूक पिकाकडून आपल्याकडे यावी.

दुसरा संशय इस्टरचा, म्हणजे २,४-डीच्या सहज वाफ होणाऱ्या प्रकाराचा. २,४-डीचे इथाइल इस्टर (डब्यावर ३८ टक्के ईसी) दुसऱ्या दिवशीच्या उन्हातही पानांवरून, मातीवरून उडत राहते. ओल्या मातीवरून जास्त उडते, कारण मातीच्या कणांवरची जागा पाणी घेते आणि औषध मोकळे होते. २,४-डीचाच दुसरा प्रकार, अमाईन सॉल्ट (डब्यावर ५८ टक्के एसएल), खूप कमी उडतो, तरी त्याचेही थेंब वाहतातच. “दोन्ही एकच” असे सांगून इस्टर गळ्यात मारतात, म्हणून डब्यावरची घटकाची ओळ स्वतः वाचा. द्राक्ष, टोमॅटो जवळ असताना इस्टर वापरूच नये.

आता दिवस घालवू नका, पानांतले अवशेष कमी होत जातात. आजच कडेपासून आत दर वीस पावलांवर फोटो काढा, पाने कागदी पिशवीत घ्या आणि शेजाऱ्यांशी न भांडता डब्याचा व बॅच क्रमांकाचा फोटो मागा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. नमुना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला दाखवा. त्यांच्या सल्ल्याशिवाय शेंडेही खुडू नका. तुमचाच पंप आधी तणनाशकाला वापरला होता का, तेही आठवून सांगा.

सोसायटीला लागून शेत आहे. वास येत नाही, म्हणजे धोका नाही ना? (वाघोली)

वासावरून काहीच ठरत नाही, तो बऱ्याचदा औषध ज्यात विरघळवलेले असते त्या द्रावकाचा असतो. शेतकऱ्यांकडून फवारणीची वेळ आधी कळवून घ्या. त्या वेळी खिडक्या बंद ठेवा, वाळत घातलेले कपडे आत घ्या आणि मुलांना गच्चीवर पाठवू नका. घरात दमा किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना हे शेत जवळ असल्याचे सांगा.

रुमाल बांधून फवारले. रात्रीपासून मळमळ, घाम, अंधुक दिसते. उद्यापर्यंत थांबू का? (सासवड)

थांबू नका. आत्ताच १०८ ला फोन करा. दूध, ताक पाजत बसू नका. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा रुग्णालयात सोबत न्या, कारण उतारा औषधाच्या गटाप्रमाणे बदलतो. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. रुमाल वाफ अडवत नाही, उलट भिजला की औषध नाकाशी धरून ठेवतो. वाफेसाठी कार्बनचे काडतूस (वाफ शोषणारी डबी) असलेला मास्क लागतो. तो कोणत्या औषधाला चालेल ते लेबलवरून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून पक्के करून मगच घ्या.