गणिताचं पुस्तक, आणि माझं थोडंसं

तुम्ही विचारलंत की तीन महिन्यांत परदेशी जातोय, मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा, दोघांना घरीच शिकवायचंय. गणितासाठी सॅक्सनची पुस्तकमाला घ्यावी की सिंगापूरची? दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण प्रश्न वाचला आणि मला माझ्या मुलीला घरी शिकवण्याचं दुसरं वर्ष आठवलं.

होमस्कूलिंगचे नियम सांगत बसत नाही, ते सरकारी साइटवर मिळतात. फक्त तिकीट काढायच्या आधी वाचा. जर्मनीसारख्या देशात मुलांना शाळेत घालणं सक्तीचं आहे.

सॅक्सनमध्ये रोज नवीन एवढंसं आणि जुन्याची 25-30 मिसळलेली उदाहरणं. विसराळू मुलाला ते मानवतं, पटकन कळणाऱ्याला जीव नको होतो. सिंगापूरच्या पद्धतीत आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडे. मॅथ-यू-सी ही तिसरी पुस्तकमाला तर एका पातळीत एकच क्रिया मुरवते : गॅमा नावाच्या पातळीचं अख्खं पुस्तक गुणाकाराचं, पुढच्या डेल्टाचं भागाकाराचं, अपूर्णांक त्याच्याही पुढे. तिन्ही चांगली आहेत. अर्ध्यावर उडी मारली की मात्र भोकं पडतात, कारण तिन्हींचा क्रम वेगळा.

मी दोन वर्षांत तीन वेळा बदललं. गुणाकाराच्या मधोमध मुलीला उचलून अशा पुस्तकात टाकलं जिथे अपूर्णांक होऊन गेलेले गृहीत होते. पोर गांगरली. मी म्हटलं, हिचं गणित कच्चं आहे. कच्चं काही नव्हतं, तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि बदलत का होते? इथे परदेशात बोलायला कुणी नव्हतं. नवरा दिवसभर बाहेर. पालकांच्या गटात ‘कुठलं पुस्तक?’ असं विचारलं की वीस जणी उत्तर द्यायच्या, तेवढीच जाग. मुलीच्या पुस्तकांच्या नावाखाली मी माझ्यासाठी गप्पा शोधत होते. हे मी नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही.

कागदपत्रांचा एक राग अजून आहे. वर्षाअखेरीला मुलीच्या वह्या दाखवायला लागल्या. तपासणाऱ्या बाईंनी 2,40,000 मधल्या स्वल्पविरामाला लाल गोल केला आणि शेरा मारला : ‘स्थानिक किंमत कळत नाही.’ अहो, लाखाचा स्वल्पविराम तो! मी समजावलं, त्यांनी मान हलवली, शेरा तसाच राहिला. तेव्हा लाख आणि मिलियन, दोन्ही मांडणी पहिल्याच आठवड्यात शिकवून टाका.

पुस्तक घ्यायच्या आधी मुलांना त्याची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कुठल्या पातळीला बसतं ते सांगणारी चाचणी, द्यायला लावा. बहुतेकांची साइटवर फुकट असते. मूल एक इयत्ता खाली बसलं तर बसू द्या, मी ते मान्य केलं नाही आणि वरचंच मागवलं. शिवाय नमुन्याचे दोन धडे छापून मुलांशेजारी बसा. कुणाच्या पद्धतीने तुम्हालाच चिडचिड होते तेही बघा, कारण रोज शिकवायचंय तुम्हाला.

मला सिंगापूरच्या पट्ट्यांनी, म्हणजे चौकटी काढून गणित सोडवायच्या रीतीने, चिडचिड व्हायची. गणित होतं : ताईकडे भावाच्या तिप्पट गोट्या, दोघांच्या मिळून 24, तर ताईकडे किती? मुलीने भावाची एक चौकट काढली, ताईच्या तीन, चार चौकटींत 24, एकीत 6, म्हणून ताईच्या 18. मी इंजिनिअर, मला एक्सशिवाय सुचत नाही. ‘समीकरण कुठंय?’ म्हणून मी ते पान खोडलं. उत्तर बरोबर होतं हो.

आता ती तेरा वर्षांची आहे. परवा नवीन पुस्तकाचं पार्सल आलं, धाकट्याचं होतं. तिने खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘माझं परत बदललंस?’