झोपेवर पहारा

"मॅडम, झोप लागते का नाही हे बघण्यातच रात्र जाते." सांगलीत माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या कितीतरी जणांचं हेच गाऱ्हाणं असतं. त्यातल्या एकांची गोष्ट ओळख बदलून सांगते.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात ते दिवाणजी. शर्टाच्या बाह्यांना हळदीचा पिवळेपणा. वहिनी सोबत आलेल्या.

"रात्रभर टक्क जागा असतो बघा."

"घोरत होतासा की!"

दोघंही खरंच बोलत होते. झोप उथळ असली की माणसाला आपण जागेच होतो असं वाटतं. त्यात हे तासातासाला मोबाइलमध्ये वेळ बघणार आणि उरलेल्या तासांचा हिशेब करणार. हिशेब हाच धंदा, तो अंथरुणातही सुटेना.

पुढच्या एका भेटीत बोलता बोलता ते म्हणाले, "दुपारी पोत्याला टेकलो की डुलकी लागते."

"सौद्याच्या गलक्यात?"

"हो. हमालांचा आरडाओरडा चालू असतो. पण मालकांनी 'दिवाणजी' म्हटलं की ताडकन उठतो."

"तेव्हा झोप लागली का, हे कोण बघत असतं?"

ते बराच वेळ गप्प होते. मग हसून म्हणाले, "कोणीच नाही. लागली काय, न लागली काय."

इथे मी मुद्दाम थांबले. हे उत्तर त्यांचं त्यांना सापडायला हवं होतं, आणि इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला थांबणं बऱ्यापैकी जमतं.

जागेपणी लक्ष आपण हवं तिकडे वळवतो. पेंगताना ते सैल सुटतं, स्वप्नात स्वप्न नेईल तिकडे जातं. गाढ झोपेतही ते पुरतं बंद नसतं. 1960 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी झोपलेल्यांना नावांची टेप ऐकवली, तर मेंदूने स्वतःच्या नावाला इतर नावांपेक्षा जास्त दाद दिली. बाळ कुरकुरलं की आई जागी होते, तेही यामुळेच. म्हणजे राखण आपसूक चालू असते. वर आपण आणखी एक पहारेकरी बसवतो आणि तोच झोपू देत नाही.

मी ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलना मानणारी. त्यांचा उलटा उपाय सांगितला: अंथरुणावर पडा, दिवा मालवा आणि डोळे उघडे ठेवून जागं राहायचा प्रयत्न करा. घड्याळ, मोबाइल खोलीबाहेर. फारच तळमळ झाली तर उठून बसा, पेंग आल्यावर परत पडा. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. दुपारची डुलकी आटोपशीर, हे त्यांना आवडलं नाही.

"जागं राहायला सांगताय? फी देऊन?" वहिनी म्हणाल्या.

महिन्याभरात तक्रार उतरली. ऐन हंगामात अजून एखादी रात्र जाते, पण ते सकाळी हिशेब मांडत नाहीत.

मात्र घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा गाडी चालवताना डोळे मिटत असतील किंवा जगणंच नको वाटत असेल, तर असले प्रयोग करत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. दिवाणजींनाही घोरण्यासाठी मी तपासणीला पाठवलंच होतं.