मुलगी म्हणते, कॉलेजला गॅप देऊन अल्बम करते

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि सोबतचे चारही डेमो दोनदा ऐकले. मुलगी 20 वर्षांची, सेकंड इयरला, स्वतः गाणी लिहून गिटारवर गाते, आता एक वर्ष कॉलेज सोडून दहा गाण्यांचा अकूस्टिक अल्बम करायचा म्हणते, त्यात साठवलेले पैसे घालायचे का आणि यात करिअर असतं का, असं तुम्ही विचारलंय.

गॅप नको. गाणं नको असं मी म्हणत नाहीये हां, पण एक गिटार आणि एक गळा एवढंच असेल तर गाणी पक्की झाल्यावर दहा गाणी रेकॉर्ड करायला काही दिवस पुरतात, वर्ष लागत नाही. वर्षं लागतात ती गाणी पक्की व्हायला, आणि ते काम कॉलेज करता करता होतं, उलट रिकामं बसून कमीच होतं असा माझा अनुभव.

डेमोबद्दल स्पष्ट लिहितो, तिलाही वाचून दाखवा. चारपैकी तीन गाण्यांत तेच चार कॉर्ड आणि तोच स्ट्रमिंगचा ठेका आहे, फक्त कॅपो, म्हणजे सूर चढवायला गिटारच्या दांडीवर लावतात तो चाप, पुढेमागे केलाय. चौथ्यात मात्र ती बोटांनी तारा छेडते, ओळ मधेच सोडून थांबते, तिथे मी पण हातातलं काम ठेवून ऐकत बसलो. तशी आणखी पाच-सहा होऊ द्या की. त्यासाठी तिने आधी दुसऱ्यांची, विशेषतः जुनी लोकगीतं भरपूर बसवावीत. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या 1962 च्या पहिल्या अल्बममध्ये 13 पैकी फक्त 2 गाणी त्याची स्वतःची होती, बाकी जुनी किंवा इतरांची, आणि पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये बहुतेक सगळी स्वतःची. जुन्या चाली हातात बसल्या की कडवं कुठे वळतं, ध्रुवपद किती वेळा परत आणायचं हे आपोआप कळायला लागतं, क्लासमध्ये शिकवून नाही कळत.

ती तुम्हाला बहुतेक सांगेल की अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने तर घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेले डेमोच 1982 मध्ये अल्बम म्हणून काढले. खरंय. पण त्याआधी त्याचे पाच अल्बम येऊन गेले होते, हा भाग मुलं सोयीस्कर विसरतात.

तर सध्या महिन्यातून दोनदा तरी लोकांसमोर गाऊ दे, छोट्या जागी, माइक नसला तरी चालेल, आणि कुठल्या गाण्याला लोक कंटाळून मोबाईल काढतात ते बघू दे. पाच-सहा वेळा गाऊन जे टिकेल ते ठेवायचं. घरी रेकॉर्ड करताना माइक गिटारच्या भोकासमोर धरू नये, आवाज घुमतो, बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, आसपास साधारण फूटभर लांब ठेवून बघावा. अकूस्टिकमध्ये लपायला जागाच नसते, ड्रम नाही, काही नाही, श्वाससुद्धा ऐकू येतो.

करिअरचं म्हणाल तर असतं, पण एका ठिकाणाहून पगार येतो तसं नाही. कार्यक्रम, शिकवण्या, दुसऱ्यांसाठी लिहिणं-वाजवणं असं सगळं मिळून घर चालतं, ऐकण्याच्या अॅपवरून सुरुवातीला जवळजवळ काहीच येत नाही. स्पॉटिफायवर तर 2024 पासून एखादं गाणं वर्षभरात 1000 वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच धरत नाहीत. म्हणून डिग्री पूर्ण करायचीच.

पैसे आत्ता बाजूला ठेवा, लागतील. मात्र कोणी "मी स्टुडिओचा खर्च करतो" म्हणत आलं तर सही करायच्या आधी कागद वाचा. गाण्याचे शब्द-चाल यांचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, वेगळा असतो, पहिला तिच्याकडे राहिला तरी दुसरा जाऊ शकतो, आणि मग स्वतःचंच रेकॉर्डिंग वापरायला परवानगी मागत फिरावं लागतं. लोकगीत घेतलं तर ते खरंच पारंपरिक आहे का तेही तपासायचं, कारण बऱ्याच "लोकगीतांचा" लिहिणारा माहीत असतो.

सहा महिन्यांनी नवीन डेमो पाठवा, यातलं चौथं गाणंही परत रेकॉर्ड करून. आणि तेवढ्या तारा बदलायला सांगा तिला, जुन्या झाल्यात, ऐकू येतंय.