क्रिएटिनिन उतरलं म्हणून काका खूश होते

"मॅडम, किडनीचा प्रॉब्लेम आहे, इंटरमिटंट फास्टिंग केलं तर चालतं ना?" म्हणजे दिवसातले ठरावीक तासच खायचं, बाकी वेळ उपाशी. हा प्रश्न हल्ली इतका येतो की विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच कळतं की यांनी आधीच सुरू केलंय, आता फक्त माझ्या तोंडून हो ऐकायचंय. त्यामागे बहुतेकांच्या डोक्यात एकच गोष्ट असते, सोळा तास पोटात काही गेलं नाही म्हणजे किडनीलाही तेवढी सुट्टी. ऐकायला एकदम पटतं. पण किडनी रक्त गाळते, अन्न नाही. धडधाकट माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि तुम्ही जेवलात काय, न जेवलात काय, ते काम चालूच राहतं. उलट उपाशी असताना तिच्यामागे आणखी कामं लागतात, रक्तातली साखर टिकवायला ती स्वतः थोडी साखर तयार करते, चरबी जाळून जे आम्ल तयार होतं तेही तिलाच बाहेर टाकायचं असतं.

एका काकांची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. वय ५६, साखर कारखान्यातली नोकरी, डायबिटीस बरीच वर्षं, बीपीची गोळी, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा, जास्त तितकं वाईट, २.१. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ३६ च्या आसपास, म्हणजे किडनीच्या आजाराच्या पाच स्टेजपैकी स्टेज ३ बी. वजन ८२. मुलगा पुण्यात आयटीत, त्यानं १६:८ करून वजन उतरवलेलं, फोनवर वडिलांनाही समजावलं की दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खायचं, बाकी वेळ पाणी आणि कोरा चहा. काकांनी मनावर घेतलं. अडीच महिन्यांनी आले ते फाइल हातात नाचवतच, वजन ७५, क्रिएटिनिन १.८, आणि रिपोर्टवर ईजीएफआर ४४! "बघा मॅडम, डॉक्टर म्हणत होते किडनी मागे येत नाही, आली की नाही?" पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवीन भोकंही दाखवली मला, एवढा आनंद.

काकू शेजारी बसून होत्या, एक शब्द नाही. मी विचारलं, काकू तुम्हाला काय वाटतं, तर म्हणाल्या, "रिपोर्टचं मला काय कळतंय, पण हे आता पाटावरून उठताना भिंत धरतात. आणि सकाळी अकराच्या सुमाराला घाम फुटतो, चिडचिड करतात, हात थरथरतो, मग बाराची वाट बघत घड्याळाकडे बघत बसतात."

मला पुढचं चित्र त्या दोन वाक्यांतच दिसलं.

पहिलं क्रिएटिनिनचं सांगते, कारण इथे भलेभले फसतात. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये. स्नायू कमी झाले की ते तयारच कमी होतं, रक्तात कमी दिसतं, आणि लॅबचा फॉर्म्युला त्याच आकड्यावरून, वय आणि स्त्री-पुरुष बघून ईजीएफआर काढत असल्यामुळे तोही आपोआप वर जातो. फॉर्म्युल्याला काय माहीत तुमची मांडी बारीक झाली ते. मी काकांना बिनहाताच्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी करून पाच वेळा उठा-बसा म्हटलं. दोनदा उठले, तिसऱ्यांदा हात सुटून गुडघ्यावर गेले. मग स्वतःच म्हणाले, "हे पूर्वी असं नव्हतं."

मग खाण्याचं विचारायला बसले. १२ ते ८ मध्ये काय काय? तर दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, रात्री एक भाकरी, भाजी, कधी भात. वरण? "डाळ किडनीला वाईट ना, बंद केली." दूध-दही? "तेही." अंडी? "कुणीतरी सांगितलं प्रोटीन नको." म्हणजे फास्टिंगनं एक जेवण गेलं आणि ऐकीव पथ्यानं उरलेल्या दोन जेवणांतलं प्रोटीन गेलं, हिशेब केला तर दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम भरत होतं. डायलिसिस नसलेल्या किडनीच्या पेशंटला प्रोटीन मोजून द्यायचं हे खरं, पण मोजून म्हणजे बंद नव्हे. साधारण किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, काकांच्या उंचीला योग्य वजन ६६ धरलं तरी ५३ ग्रॅम होतं. ते मिळालं नाही आणि वर कॅलरीही कमी पडल्या की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. काकांचे ७ किलो गेले त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे वजनकाटा सांगत नाही.

आता अकराचा घाम. काकांना ग्लिमेपिराइड चालू होती, डायबिटीसची सकाळची गोळी. ही नाश्त्याबरोबर घ्यायची असते. नाश्ता बंद झाला पण गोळी आठ वाजता कोऱ्या चहाबरोबर चालूच, का तर डॉक्टरांनी सकाळी सांगितलीय. गोळी इन्शुलिन वाढवणार, पोटात काही नाही, त्यात किडनी अशक्त असली की इन्शुलिन आणि या जातीच्या गोळ्यांचा परिणाम शरीरात जास्त वेळ रेंगाळतो, आणि मघाशी सांगितलं ते किडनीचं साखर तयार करणंही कमी झालेलं असतं. मी काकूंना ग्लुकोमीटर दिला, म्हटलं दुसऱ्या दिवशी घाम सुटला की लगेच बघा. आकडा ५८ आला, काकूंनी तिथल्या तिथे साखरपाणी पाजलं आणि मला फोन केला. ७० च्या खाली म्हणजे लो शुगर. काकांना इतके दिवस वाटत होतं की फास्टिंगनं बॉडी डिटॉक्स होतेय म्हणून घाम येतो!

तिसरी गोष्ट मी विचारली नसती तर कळलीच नसती. बारा वाजता उपास सोडताना काय घेता? तर शहाळं आणि चार खजूर, नॅचरल आहे म्हणून. रक्तातलं पोटॅशियम ५.७ होतं, म्हणजे वाढलेलं. लॅबनं त्यापुढे बाण काढलेला, पण काकांचं लक्ष फक्त क्रिएटिनिनवर. एका मोठ्या शहाळ्यात पाच-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं, त्यांना बीपीची टेल्मिसार्टन चालू, ती गोळी किडनीसाठी चांगलीच आहे पण पोटॅशियम थोडं वाढवते. आणि स्वयंपाकात मीठ लो सोडियमवालं, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सगळं आरोग्यासाठीच चाललं होतं हो.

त्याच दिवशी मी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोलले होते. ५८ चा आकडा कळल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड बंद करून डायबिटीसचीच दुसरी गोळी, लिनाग्लिप्टिन दिली, ही किडनीच्या पेशंटला डोस न बदलता देता येते. खात्री करायला सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट करून घेतली, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. त्यावरून ईजीएफआर आला ३५. म्हणजे किडनी होती तिथेच होती.

काका गप्प झाले. थोडा रागही आला, मुलावर, माझ्यावर, सगळ्यांवरच. "म्हणजे एवढं उपाशी राहिलो ते फुकट?" मी म्हटलं फुकट नाही काका, बीपी सुधारलंय, पोटाचा घेर कमी झालाय, तेवढं राखायचं, फक्त पद्धत बदलू. अशा वेळी पेशंटला झापून काही मिळत नाही, तो पुढच्या वेळी लपवून करतो, हे मी पक्कं मानते. उपाशी राहण्यात त्यांना जे मिळत होतं ते खाण्यावरचं कंट्रोल नव्हतं, आजारावरचं होतं. एवढी वर्षं डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्यायच्या, आणि पहिल्यांदाच स्वतः काहीतरी करून आकडा हलवला होता. ते काढून घेतलं तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं.

म्हणून घड्याळ ठेवलं, पण बदललं. संध्याकाळी साडेसातच्या आत जेवण संपवायचं, सकाळी साडेसातला नाश्ता, रात्रीचा १२ तासांचा गॅप. नाश्त्याला दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि पोळी, नाहीतर उपमा आणि दही, दुपारी वाटीभर घट्ट वरण, रात्री अर्धी वाटी. शहाळं बंद, साधं मीठ पण मोजून, दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात लोणचं-पापडाचंही आलं. आणि रोज खुर्चीतून उठण्याचा व्यायाम, सुरुवातीला हात टेकून.

मग कुणीच करायचं नाही का फास्टिंग, असं विचाराल तर मी तसं म्हणत नाही. किडनीचा त्रास अगदी सुरुवातीचा आहे, वजन जास्त आहे, शुगर लो करू शकणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन नाही, डॉक्टरांना माहीत आहे आणि मधूनमधून रक्त तपासणार आहात, तर १२ तास, जमलं तर १३ तास, काही बिघडत नाही. स्टेज ४-५ ला मी स्पष्ट नाही म्हणते. डायलिसिसवाल्यांना तर अजिबात नाही, त्यांना प्रोटीन उलट जास्त लागतं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आणि फार वेळ उपाशी राहिल्यावर इन्शुलिन कमी होऊन काही न खाताही त्यांचं पोटॅशियम चढू शकतं, हे कुणाला खरं वाटत नाही. ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या गोळ्यांचं टायमिंग घड्याळाला बांधलेलं असतं, त्यांनी आपल्या मनानं काही करू नये. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, डायबिटीसच्या या गोळ्या हल्ली किडनीसाठीही बऱ्याच जणांना देतात, तर लांब उपाशी राहिल्यावर शुगर फारशी न वाढताही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जाळून होणारं ते आम्ल, वाढू शकतात. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर शुगर नॉर्मल आहे म्हणून घरी थांबू नका, सरळ हॉस्पिटलला जा. आमच्याकडे रोजे ठेवणारे पेशंटही येतात, त्यांना रमजानच्या आधीच बोलावून घेतो, कारण त्यात पाणीही नसतं, आणि डायबिटीसबरोबर किडनीचा आजार पुढच्या स्टेजला असेल तर आंतरराष्ट्रीय गाइडलाइनही त्यांना हाय रिस्कमध्येच धरते.

तीन महिन्यांनी काकांचा फोन, आवाज पडलेला. "मॅडम, क्रिएटिनिन परत २.० झालं." मी विचारलं खुर्चीतून किती वेळा उठता आता? म्हणाले दहा, हात न लावता. पोटॅशियम ४.८, अकराचा घाम गेला होता, वजन ७६. लघवीतून जाणारं प्रोटीन आधीपेक्षा कमी. हा २.० मला त्या १.८ पेक्षा जास्त आवडला, पण हे त्यांना पटवायला पंधरा मिनिटं लागली आणि शेवटी फोन काकूंनी घेतला, त्यांना पहिल्या वाक्यातच कळलं. लगेच त्यांचा पुढचा प्रश्न, आषाढी आलीय, ह्यांना उपास करू देऊ का? म्हटलं एक दिवस करू दे, पण साबुदाण्यात शेंगदाण्याचं कूट नावाला, बटाटा-रताळं नको, भगर आणि दही चालेल, दिवसातून तीनदा थोडं थोडं, पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं, आणि सैंधव म्हणजे मीठच, तेही मोजायचं.