आधी कागद, मग अर्ज

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीवरच्या सीजीएल परीक्षेत तुझा जातीचा दाखला ओबीसीसाठी नाकारला गेला. ‘प्रमाणपत्र खरं, सही-शिक्का सरकारी अधिकाऱ्याचाच, मग सरकारच ते नाकारतं कसं?’ असं विचारलंयस. घरात सगळे म्हणताहेत की केंद्राच्या नोकऱ्या आपल्यासाठी नसतातच, आता तलाठी भरतीचं बघ. आणि तुला काही सुचत नाही.

यात कुणाचा वशिला नव्हता. तू अभ्यासातही कमी पडली नाहीस. टियर-२ चे, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचे, गुण तुझे आहेत आणि ते ओबीसीच्या कटऑफच्या वर आहेत. अडला तो एक कागद. तो का अडला हे नीट समजून घे. नाहीतर पुढचा अर्जही तसाच भरशील आणि पुढच्या वर्षी हेच पत्र मला पुन्हा लिहिशील.

तुझ्याकडचा दाखला एनटी-सी चा (भटक्या जमाती-क), महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातला. केंद्राच्या अर्जात एनटी, व्हीजे (विमुक्त जाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे रकानेच नसतात. तिथे एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आणि खुला, एवढंच. भटक्या-विमुक्तांतल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तुझीही आहे. त्यामुळे नेटकॅफेवाल्याने ‘ओबीसी’ निवडलं ते बरोबरच होतं. पण ओबीसी म्हटल्यावर त्यासाठी कोणता कागद लागतो, हे त्याने सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस.

केंद्राचा दाखला हातात धरला की लगेच वेगळा कळतो. तो इंग्रजीत असतो आणि एकाच कागदात दोन गोष्टी सांगतो. पहिली, ही व्यक्ती अमुक जातीची असून ती जात भारत सरकारच्या अमुक तारखेच्या ठरावाने मागासवर्ग म्हणून मान्य आहे. दुसरी, ही व्यक्ती क्रीमीलेयरमध्ये, म्हणजे मागासवर्गातल्या आरक्षण न मिळणाऱ्या पुढारलेल्या थरात, मोडत नाही. या दुसऱ्या भागात ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या ज्ञापनाचा (कार्यालयीन आदेशाचा) क्रमांक येतो, ३६०१२/२२/९३ असा सुरू होणारा. दाखला मिळाला की पहिल्यांदा बोट ठेवून हा क्रमांक शोधायचा. राज्याच्या पद्धतीत जातीचा दाखला वेगळा आणि नॉन-क्रीमीलेयर वेगळं असतं, आणि दोन्हींत संदर्भ राज्याच्या निर्णयांचे असतात. तपासणाऱ्यासमोर अधिसूचनेतला, म्हणजे परीक्षेच्या जाहिरातीतला, छापील नमुना असतो. तो ओळीला ओळ लावून बघतो. जुळली नाही तर आरक्षणाचा दावा बाजूला ठेवून तुला खुल्यात धरतो, आणि खुल्याच्या कटऑफला तुझे गुण पुरत नाहीत. तुझ्या बाबतीत झालं ते एवढंच, आणि ते अधिसूचनेत आधीच लिहिलेलं होतं.

म्हणून सांगतो, आधी कागद, मग अर्ज, मग अभ्यास. सगळीकडे उलटं चालतं. वर्षभर अभ्यास, शेवटच्या दिवशी रात्री अर्ज आणि निकाल लागल्यावर कागदांची पळापळ. तोवर तारीख निघून गेलेली असते. ओबीसी असल्याचं आणि क्रीमीलेयरमध्ये नसल्याचं बघतात ते अर्जाच्या शेवटच्या दिवशीची स्थिती धरून. कोणत्या तारखांच्या मधला दाखला चालेल हे त्या वर्षीच्या अधिसूचनेत दिलेलं असतं. गेल्या वर्षीचं पाठ करून ठेवू नकोस, दर वर्षी नव्याने वाच. यूट्यूबवरचा पाच मिनिटांचा सारांश म्हणजे अधिसूचना नव्हे. ती साठ-सत्तर पानं भरली तरी वाच, शेवटची परिशिष्टं आधी वाच. नमुने तिथेच असतात.

आता उत्पन्नाचं. तू लिहिलंस, ‘बाबांचं शेतीचं धरून आठ लाखांच्या वर जातंय, म्हणजे आपण गेलोच.’ दोन वेगळे आठ लाख तू एकात मिसळलेस. ओबीसीच्या क्रीमीलेयरसाठी आठ लाखांची मर्यादा २०१७ पासून आहे. ते उत्पन्न आई-वडिलांचं बघतात, सलग तीन वर्षांचं, आणि त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरी करणाऱ्या आई-वडिलांचं पद कोणतं, हे मात्र वेगळं तपासतात. तुझं लग्न झालं तरी नवऱ्याचं उत्पन्न यात येत नाही. ईडब्ल्यूएसचे आठ लाख निराळे. तिथे पगार, शेती, धंदा सगळं धरतात, अर्जाच्या आधीच्या आर्थिक वर्षाचं, आणि सगळ्या कुटुंबाचं: स्वतःचं, आई-वडिलांचं, नवरा किंवा बायकोचं, अठरा वर्षांखालच्या भावंडांचं आणि मुलांचं. शिवाय पाच एकर किंवा जास्त शेती, हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, अधिसूचित नगरपालिका हद्दीत शंभर चौरस यार्डांचा किंवा मोठा निवासी प्लॉट, यातलं एक जरी असलं तरी ईडब्ल्यूएस मिळत नाही, उत्पन्न कितीही कमी असो. तुझ्या बाबांचा सातबारा तुला आडवा येत नाही. जाऊन दाखला काढ.

तुझ्या मैत्रिणीलाही हे वाचून दाखव. तिच्याकडे मराठा म्हणून एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला आहे ना? तो राज्याच्या भरतीत चालतो, केंद्रात त्याचा उपयोग नाही. ती निकषांत बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढू दे. ते दर आर्थिक वर्षाचं नवं लागतं. घरात कुणबी नोंद सापडून दाखला निघाला असेल तर मार्ग ओबीसीचा, आणि तिथेही पुन्हा केंद्राचाच नमुना.

एक कबूल करतो. मुलं समोर बसली की मीही आधी गुण विचारायचो. गणितात किती, इंग्रजीत किती. कागदांचं विचारायचो निकालानंतर. तुलाही पहिल्या भेटीत दाखला काढून दाखव म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही. याची मला खंत आहे.

आता नावाकडे ये. आपल्याकडे दोन एसएससी आहेत, एक बोर्डाची (दहावी) आणि एक आयोगाची (कर्मचारी निवड आयोग). पहिलीतली चूक दुसरीत आडवी येते. आयोगाच्या एकवेळ नोंदणीत नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं लागतं. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पदवीवर कधी वडिलांचं नावच नाही, कधी इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त. घरात कुणाला याचं काही वाटत नाही, पण तपासणाऱ्याला हे सगळे कागद एकाच माणसाचे आहेत याची खात्री पटवावी लागते. आज रात्री दहावी, बारावी, पदवी, आधार, जातीचा दाखला हे पाच कागद शेजारी शेजारी ठेव आणि तुझं, बाबांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघ. फरक असेल तर आधार दहावीप्रमाणे करून घे, दहावी आधारप्रमाणे करायला जाऊ नकोस. नाव खरोखर बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद लागेल, तिला वेळ जातो. हे अर्जाच्या आधी करायचं.

अर्ज भरताना सहीची प्रतिमा १० ते २० केबी, ६ सेंटिमीटर रुंद, २ उंच. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने स्वच्छ सही कर आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तीच. फोटो तिथल्या तिथे काढतात. चष्मा काढ, मागे कोरी भिंत, समोरून उजेड. धूसर फोटो-सहीवर अर्ज बाद होतो, मग अभ्यास कामाचा नाही. चूक सुधारायला खिडकी उघडते, पहिल्या वेळी २०० रुपये, दुसऱ्या वेळी ५००. पण तिच्या भरवशावर घाईत भरू नकोस. तुला अर्जाचं शुल्क माफ आहे, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला कारणच नाही.

पदवीचंही सांगून ठेवतो. ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल लागलेला हवा. परीक्षा दिली आहे, हे चालत नाही.

अभ्यासाबद्दल थोडंच लिहितो, तो तुला येतो. टियर-१ चे २०० गुण फक्त पुढे जाण्यापुरते. गुणवत्ता ठरते ती टियर-२ च्या ३९० गुणांवर. तिथे बरोबर उत्तराला ३ आणि चुकलं तर १ वजा. डोळे मिटून चारातला एक ठोकलास तर सरासरी शून्य पदरात. एक पर्याय नक्की खोडता आला तर ठोकणं फायद्याचं, नाहीतर सोड. संगणकाचा भाग नुसता पात्रतेचा म्हणून मुलं सोडून देतात, आणि वरचे गुण असून तिथे आपटतात. टायपिंगला १५ मिनिटांत २००० कळा दाबायच्या असतात, म्हणजे मिनिटाला साधारण २७ शब्द. सराव डेस्कटॉपच्या जाड कीबोर्डवर कर, आपोआप दुरुस्ती बंद ठेवून. तुझं ३० शब्दांचं टायपिंग प्रमाणपत्र आणि एमएस-सीआयटी राज्यात उपयोगी, इथे त्यांच्यावर चाचणी माफ होत नाही. पदवीच्या या परीक्षेचा पेपर हिंदी आणि इंग्रजीतच असतो. बारावीवरची सीएचएसएल आणि दहावीवरची एमटीएस मराठीतून देता येतात, हे धाकट्या भावाला सांग.

टियर-२ नंतर पदांचे पसंतीक्रम ऑनलाइन मागवतात. मुदत थोड्या दिवसांची, आणि संपली की बदल नाही. जे पद टाकलं नाहीस त्यासाठी तुझा विचारच होत नाही. गेल्या वेळी तू यादी मित्राची उतरवलीस, हे वाचून मला राग आला. सहायक कक्ष अधिकारी पहिल्या नंबरवर टाकलंस. मूळ वेतन ४४,९००, पद चांगलं, पण केंद्रीय सचिवालय म्हणजे दिल्ली. आईच्या आजारपणामुळे महाराष्ट्र सोडता येत नाही असं त्याच पत्रात लिहितेस! महालेखाकारांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत, ऑडिटरचं मूळ वेतन २९,२००. कुठे जाणं जमेल हे घरात बसून आधी ठरव. आणि अप्रत्यक्ष कर मंडळातली निरीक्षकाची पदं वर टाकायच्या आधी शारीरिक निकष बघ. मुलींना उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४८ किलो, एक किलोमीटर चालणं २० मिनिटांत आणि तीन किलोमीटर सायकल २५ मिनिटांत. सायकल येत नाही म्हणून मिळालेलं पद गेलं तर बदल्यात दुसरं मिळत नाही. डॉक्टरकडे जाऊन भिंतीला टेकून उंची मोजून घे आणि आकडा लिहून ठेव.

निवड झाल्यावरही कागद संपत नाहीत. कागदपत्रांची तपासणी आता ज्या विभागात पद मिळतं तोच करतो. मग वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. या पडताळणीसाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात गेल्या पाच वर्षांत एका वर्षापेक्षा जास्त काळ जिथे राहिलीस ते सगळे पत्ते मागतात. सदाशिव पेठेतली ती खोली तू दीड वर्ष भाड्याने घेतली होतीस, तीही लिहायची, तारखांसकट. घरमालकाला आत्ताच सांगून ठेव. एखादा गुन्हा, तक्रार, खटला असेल तर तोही लिहायचा. त्या नमुन्याच्या सुरुवातीलाच इशारा असतो की माहिती दडवली तर अपात्र. क्षुल्लक गोष्ट सांगून बहुधा निभावतं, लपवली की नोकरी जाते.

तुझ्या बाबांना वाटतं की मी मुलांना अभ्यास सोडून फॉर्मच्या बारीकसारीक गोष्टींत गुंतवतो. वाटू दे. टियर-२ मध्ये पाच गुण वाढवायला तुला तीन महिने घासावं लागतं. सेतूचे चार हेलपाटे घातलेस तर त्याहून मोठा अडसर दूर होतो. मी अजूनही हेच सांगणार. तलाठी भरतीला जायला माझी ना नाही, पण कागदांना कंटाळून जाऊ नकोस. तिथे जात वैधता मागतील, तीही आधीच काढावी लागते.

तुझं वय बसतं, ओबीसीला तीन वर्षांची सवलत आहे, अजून प्रयत्न शिल्लक आहेत. अधिसूचना यायची वाट बघू नकोस. सोमवारी सेतूत जा. जुना जातीचा दाखला, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि तीन वर्षांचे उत्पन्नाचे पुरावे ने. मागच्या अधिसूचनेतला ओबीसीचा नमुना छापून दोन प्रती बरोबर ठेव, एक खिडकीवर द्यायला, एक स्वतःजवळ. ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठी’ असं स्पष्ट सांग, नाहीतर तो सवयीने राज्याचाच काढून देईल. प्रांत कार्यालयातून सही होऊन आला की तिथेच उभी राहून वाच, नाव, गाव, जात, ठरावाची तारीख, आणि तो क्रमांक. चुकलं असेल तर खिडकी सोडू नकोस. आणि त्याच दिवशी मला फोटो पाठव.

तुझा,
सर