शाईच्या पेनाची सुरुवात करतोस? मग एवढंच बघ

पहिलं पेन दीड-दोनशेच्या आतलं घे की! आपल्या बेळगावात खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत ऑनलाइनसारखी निवड मिळेलच असं नाही, पण दुकानात निब कागदावर टेकवून बघता येते, ते मोठं. निब ‘फाइन’च, म्हणजे बारीक टोकाची माग. आपल्या जोडाक्षरांचे काने-मात्रे जाड निबेत एकमेकांत मिसळतात. कन्नडही लिहीत असशील तर त्या गोल वळणांनाही फाइनच बरी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉलपेनासारखा दाब देणं. शाई आपोआप उतरते, पेन नुसतं कागदावर टेकवायचं. दाबलंस की निबेचे दोन दात फाकतात आणि मग ती खरखरते. मी पहिलं पेन असंच आठवड्यात घालवलं.

शाई फाउंटन पेनचीच, साधी रॉयल ब्लू. चित्रकलेची ‘इंडियन इंक’ चुकूनही भरू नकोस, त्यातली लाख आत वाळून बसते. पेन पंधरा दिवस पडून राहणार असेल तर साध्या पाण्याने धुऊन ठेव.

वहीचं म्हणशील तर:
- ७० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खालच्या कागदावर शाई बहुधा मागे उमटते. ८० च्या पुढचा बघ.
- पावसाळ्यात कागद ओल धरतो, अक्षर पसरतं. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.
- एक टीपकागद.

कव्हर, पेनस्टँड, चमचमत्या शाया सध्या नकोत. फ्लेक्स निबेचं (दाबलं की रेघ जाड करणारी) तर आत्ता नावच काढू नकोस. आधी एक बाटली संपव, मग बोलू.